पंचाचा जोडा

मांजरीच्या एका मैदानावर रविवारी सकाळी बेसबॉलचा सामना पाहण्याचा योग आला. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले, तरी गावाची ओळख अद्याप जुनीच आहे. ऊस संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथे आहे, द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इथे आहे, आणि पुणे–दौंड लोहमार्गावरचे छोटे स्थानकही आहे. अशा गावात बेसबॉल कुठून आला, असा प्रश्न पडेल. परंतु बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे महाराष्ट्राच्या शालेय व विद्यापीठीय क्रीडाविश्वात बराच काळ रुजलेले खेळ आहेत. वृत्तपत्रे त्यांची दखल घेत नाहीत, एवढेच.

होम प्लेटमागे पंच म्हणून उभे होते ते एका कनिष्ठ महाविद्यालयातले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. त्यांच्यापुढे बसलेल्या कॅचरच्या चेहऱ्यावर जाळी, छातीवर कवच, गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत ढाली. सरांकडे जाळी होती, छातीचे कवचही होते. पायांत मात्र पांढरे कॅनव्हासचे बूट. तिसऱ्या डावात फलंदाजाच्या बॅटची खालची कड लागून चेंडू सरळ खाली आला आणि सरांच्या उजव्या पायावर आदळला. सर खाली बसले. दोन मिनिटांनी उठले, लंगडत पुन्हा जागेवर गेले आणि त्यांनी सामना पूर्ण केला. अंगठ्याचे हाड मोडले आहे, हे दुसऱ्या दिवशी कळले. कोणीतरी त्यांना विचारले, "सर, खास बूट का नाही घेत?" ते म्हणाले, "अमेरिकेहून मागवावे लागतात. एका सामन्याचे मानधन किती, आणि बूट केवढ्याचा!"

या उत्तराने मला विचारात पाडले. पंचाच्या पायांचा प्रश्न वरवर क्रीडासाहित्याचा दिसतो. पण आपल्या समाजात पाय आणि पादत्राण यांचा इतिहास इतका साधा नाही.

मराठी भाषेने पादत्राणाला दोन टोकांवर बसवले आहे. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण केवळ चपलेविषयी नाही. माणसांच्या उतरंडीत प्रत्येकाने आपली पायरी ओळखावी, हा तिचा खरा रोख आहे. 'जोडे मारणे' हा अपमानाचा परमावधी. उलटपक्षी कृतज्ञतेचा परमावधीही जोडाच आहे. 'अंगाच्या कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटणार नाहीत' असे आपण म्हणतो. या वाक्प्रचाराशी जुळणारी कथा बाराव्या शतकातल्या शरण परंपरेत आहे. हरळय्या या चर्मकार शरणाने स्वतःच्या आणि पत्नीच्या मांडीच्या कातड्याचे जोडे बसवण्णांसाठी केले, अशी ती कथा. तिच्यात एक विदारक सत्य दडले आहे. दुसऱ्याचे पाय राखण्यासाठी कातडे नेहमी विशिष्ट माणसांचेच झिजले.

जोडा घालण्याचा हक्क हाही सत्तेचा प्रश्न होता. कोणी कोणासमोर जोडा काढायचा, कोणत्या आळीतून अनवाणी जायचे, याचे संकेत गावागावांत होते. इंग्रजी अमलात हा वाद कचेऱ्यांपर्यंत पोहोचला. १८५४ साली सरकारने युरोपीय पद्धतीचे बूट घालणाऱ्या एतद्देशीयांना दरबारात ते घालून येण्याची मुभा दिली. देशी जोडा मात्र दाराबाहेरच राहिला. १८६२ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील सुरतेच्या न्यायालयात असेसर म्हणून बसलेल्या एका पारशी गृहस्थाने जोडे काढण्यास नकार दिला आणि प्रकरण गाजले. न्यायासनाशी संबंधित माणसाने पायांत काय घालावे, हा प्रश्न असा पंचाच्या बुटाआधी शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे विचारला गेला होता. तेव्हा मुद्दा मानाचा होता. आज तो हाडांचा आहे. दोन्ही वेळी उत्तर देणारा मात्र दुसराच कोणी असतो.

खेळांनी या उतरंडीला धक्का दिला, पण ती मोडली नाही. याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्यातलेच आहे. बाळू पालवणकर (जन्म १८७६) चर्मकार समाजातले. पुण्यात एका पारशी क्लबच्या खेळपट्टीची झाडलोट करण्यासाठी त्यांना महिना तीन रुपये मिळत. पुढे युरोपीयांच्या क्लबात चार रुपयांवर ते लागले. तिथे जे. जी. ग्रेगसारख्या फलंदाजांना त्यांनी तासन्‌तास गोलंदाजी केली. हाती बॅट घेण्याची संधी त्यांना जवळजवळ कधीच मिळाली नाही. हिंदूंच्या संघाला त्यांच्या डावऱ्या फिरकीची गरज होती, म्हणून मैदानावर त्यांच्या हातून चेंडू घेतला जाई. चहाच्या वेळी मात्र ते तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा घेत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. चेंडूवरचे कातडे, यष्टिरक्षकाच्या हातमोज्याचे कातडे, खेळाडूंच्या बुटांचे कातडे हे सगळे मैदानात सन्मानाने आले. ते कमावणाऱ्या समाजातला माणूस मात्र तंबूबाहेर राहिला. खेळाच्या इतिहासात साधनांना आधी प्रवेश मिळतो, माणसांना नंतर, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

आता बेसबॉलकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत बेसबॉलचा पंच हा प्रतिष्ठित गृहस्थ असे. तो मैदानाच्या कडेला, अनेकदा खुर्चीवर बसून निर्णय देई. अशा माणसाला संरक्षणाची गरज नव्हती. त्याचे स्थान हेच त्याचे संरक्षण होते. खेळ व्यावसायिक झाला, चेंडूचा वेग वाढला, आणि पंचाला कॅचरच्या मागे यावे लागले. कवचे मात्र त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचली. कॅचरच्या जाळीचे पेटंट १८७८ चे. न्यूयॉर्क जायंट्सचा कॅचर रॉजर ब्रेस्नाहन याने १९०७ साली नडग्यांवर ढाली बांधल्या, तेव्हा त्याची थट्टा झाली. १९०५ पासून १९४१ पर्यंत पंचगिरी करणारे बिल क्लेम यांनी कोटाच्या आत घालायचे छातीचे कवच रूढ केले. संरक्षणाचा हा प्रवास वरून खाली झाला. आधी चेहरा, मग छाती, मग नडगी, आणि सर्वांत शेवटी पाऊल. पोलादी टोपीचा खास 'प्लेट शू' ही या क्रमातली उशिराची वस्तू. पाऊल अमेरिकेतही शेवटीच आठवले.

पंचाला इजा होऊ शकते, हे आपण सहसा विसरतो, कारण तो खेळत नसतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये इस्रायलमधील अश्दोद येथे क्रिकेटच्या सामन्यात हिलेल आवासकर पंच म्हणून उभे होते. फलंदाजाने मारलेला चेंडू यष्ट्यांवर आपटून त्यांना लागला आणि त्यांचा मृत्यू झाला. ते इस्रायलच्या राष्ट्रीय संघाचे माजी कर्णधार होते. आवासकर हे आडनाव उच्चारताच अलिबागजवळचे आवास गाव आठवते. बेने इस्रायलींनी कोकणातल्या गावांची नावे आडनावांतून समुद्रापार नेली आणि क्रिकेटही नेले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात दिंडीगल येथे रणजी सामन्यात ऑस्ट्रेलियन पंच जॉन वॉर्ड यांच्या डोक्याला चेंडू लागला. त्यानंतर २०१६ च्या आयपीएलमध्ये ब्रूस ऑक्सनफर्ड हातावर पारदर्शक ढाल बांधून उभे राहिले. मोठ्या मैदानांवरच्या या घटना कॅमेऱ्यांनी टिपल्या. मांजरीच्या मैदानावर मोडलेला अंगठा कोणी टिपत नाही.

मग परवडणाऱ्या जोड्याचे काय? माझ्या मते त्याचे उत्तर अमेरिकेत शोधण्याची गरज नाही. ते हडपसरच्या कारखान्यांच्या दारात आहे. तो जोडा कामगाराचा आहे.

पोलादी टोपीचा सेफ्टी शू ही विसाव्या शतकातील कामगारविश्वाची देणगी. आपल्याकडे १९५७ च्या कोळसा खाण नियमांनी खाणीत उतरणाऱ्याला संरक्षक पादत्राण बंधनकारक केले आणि ते पुरवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. आपल्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ही क्रांतीच म्हटली पाहिजे. शतकानुशतके 'कोणी घालावा' या एकाच प्रश्नाभोवती फिरणारा जोडा येथे प्रथमच 'किती आघात सोसावा' या मापाने मोजला गेला. जात नाही, हुद्दा नाही, दरबार नाही. माप ज्यूलमध्ये.

ते माप बेसबॉललाही लावून पाहता येते. सेफ्टी शूसाठीच्या आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. म्हणजे २० किलोचे वजन सुमारे एक मीटरवरून पडले तरी आत बोटांना ठरावीक जागा उरली पाहिजे. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा. तो ताशी १४० किलोमीटर वेगाने आला तर त्याची ऊर्जा सुमारे ११० ज्यूल भरते. शालेय सामन्यातल्या ताशी १०० किलोमीटरच्या चेंडूची ५६ ज्यूलच्या आसपास. प्रयोगशाळेतला बोथट आघात आणि चेंडूचा आघात यांत फरक आहेच, तरीही हिशोब दिलासा देणारा आहे. अमेरिकी प्लेट शूला शंभर डॉलरहून अधिक पडतात. मानकाचे चिन्ह असलेला देशी सेफ्टी शू साधारण हजार-दीड हजार रुपयांत मिळतो.

अर्थात कामगाराचा जोडा पंचाला जसाच्या तसा चालत नाही. टोपी फक्त बोटे झाकते. बोटांमागची पावलाची कमान उघडीच राहते, आणि खाली येणारा चेंडू तिथेही लागतो. यावर तोडगा ओतकामाच्या भट्ट्यांत सापडतो. ओतकामगारांच्या काही जोड्यांना नाडीवरून कमान झाकणारी जाड झडप असते. योगायोग असा, की महाराष्ट्रात ओतकाम म्हटले की कोल्हापूर आठवते, आणि वहाण म्हटली तरी कोल्हापूरच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतील जिल्ह्यांना मिळून. त्याच गावात उघड्या बोटांची देखणी चप्पलही होते आणि वितळलेल्या लोखंडापुढे झाकलेले पाऊलही उभे असते. तसा जोडा न मिळाल्यास नडगीच्या ढाली घेताना खालची झडप पावलाच्या कमानीवर येते की नाही, एवढे पाहावे.

दुकानात काही गोष्टी आवर्जून कराव्यात. पंच दर चेंडूला गुडघ्यांत वाकतो, म्हणून जोडा घालून तिथेच आठ-दहा वेळा तसे वाकून पाहावे. टोपीची मागची कड पावलात रुतत असेल तर तो जोडा तिसऱ्या डावापर्यंत सोसवणार नाही. टोपी कातड्यासारखी सैल पडत नाही, तेव्हा जाड मोजे घालून, शक्यतो संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना माप घ्यावे. तळव्यातली पोलादी पट्टी खिळ्यांपासून वाचवण्यासाठी असते. मैदानावर तिची गरज नाही आणि तिने जोडा ताठ होतो. पोलादाऐवजी कॉम्पोझिट टोपी मिळाली तर वजन कमी भरते. जुन्या बाजारातला वापरलेला सेफ्टी शू स्वस्त दिसतो, पण घेऊ नये. एकदा जबर आघात सोसलेली टोपी पुन्हा भरवशाची नसते, आणि पॉलियुरेथेनचा तळ वर्षानुवर्षे पडून राहिला की भुगा होऊन गळतो. याच कारणाने आपला जोडाही मोठ्या मारानंतर बदलावा.

इतके सांगूनही मूळ प्रश्न उरतो. खाणकामगाराचा जोडा मालकाने द्यावा, असे कायदा म्हणतो. पंचाचा जोडा कोणी द्यावा, हे स्पर्धा भरवणाऱ्यांनी अजून मनावर घेतलेले नाही. संघाच्या पिशवीत कॅचरच्या ढाली असतात, कारण कॅचर संघाचा. पंच कोणाचाच नसतो. तो निःपक्षपाती असतो, हे त्याचे मोठेपण. त्याची काळजी घेणारा पक्षही त्यामुळे उरत नाही. 'पंच' हा शब्द पाच जणांच्या न्यायपीठावरून आला. गावाने मानलेले पाच जण एकत्र बसत, आणि न्यायाचा भार वाटला जाई. मैदानावर त्या पाचांचा एक झाला. भार मात्र तेवढाच राहिला.

सरांचा अंगठा दीड महिन्यात जुळला. पुढच्या सामन्याला ते आले तेव्हा पायांत काळे जाड जोडे होते. हडपसरला, कारखान्याच्या पाळीवर जाणाऱ्या दोन तरुणांच्या रांगेत उभे राहून घेतलेले. दुकानदाराने विचारले म्हणे, "कुठल्या कंपनीत आहात?" सरांनी सांगितले, शाळेत. त्याला ते पटले नाही, पण जोडा त्याने दिला.