न निवणारा पाळणा

टेबलावरचं ते खेळणं तुम्ही पाहिलं असेल. दोऱ्यांना टांगलेल्या पोलादी गोळ्या. एका टोकाची उचलून सोडली की मधल्या जागच्या हलत नाहीत, पलीकडची उडते. त्याला न्यूटनचा पाळणा म्हणतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तोशिया किनोशिता, ट्रेव्हर वेंगर आणि डेव्हिड वाइस यांनी हा पाळणा रुबिडियमच्या अणूंचा बांधला. २००६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाचं नावही तेच: क्वांटम न्यूटनचा पाळणा.

लेसरच्या उजेडाने आखलेल्या हजारो अरुंद नळ्या, प्रत्येकीत ४० ते २५० अणू, आणि हलायला रेषा एकच. लेसरच्या झटक्याने त्यांचे दोन गट पडले. ते टोकांकडे गेले, परतले, मध्यावर भिडले, पुन्हा टोकांकडे गेले. एरवी गरम चहात गार दूध ओतलं की क्षणात सगळं सारखं होतं. मोकळ्या जागेतले अणूही मोजक्या टकरांतच असे एकजीव होतात. नळीतले झाले नाहीत. हजारो टकरांनंतरही त्यांच्या वेगांत सुरुवातीचा ठसा शाबूत होता.

कारण खेळण्यातलंच आहे. सारख्या वजनाच्या दोन गोळ्या एका रेषेत आदळल्या, तर वेगांची नुसती अदलाबदल होते. वेग तेच, धनी बदलले. पण क्वांटम अणूंच्या गर्दीत हा हिशेब टिकतो, हे आधी कोणाला उमगलं?

इथे या पाळण्याची कुळकथा मागे जाते, १९३१च्या रोममध्ये. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीकडे आलेला जेमतेम पंचविशीचा हान्स बेथे चुंबकी अणूंच्या साखळीचं गणित मांडत होता. अनेक कणांची गुंतागुंत दोन-दोन कणांच्या भेटींत उलगडते, असं धरून त्याने ते नेमकं सोडवलं. मला या कुळकथेतली सर्वांत धाडसाची पायरी हीच वाटते. १९६३ साली एलियट लीब आणि वर्नर लिनिगर यांनी तीच युक्ती एका रेषेतल्या, एकमेकांना ढकलणाऱ्या बोसॉनांना लावली. आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाचे हे कण. रुबिडियमचे ते अणूही बोसॉनच.

मधल्या काळात फर्मीही, सगळं सारखं का होत नाही, या कोड्यापाशी येऊन गेला. लॉस अलामॉसच्या मॅनिअॅक संगणकावर त्याने आणि पास्टा, उलाम या सहकाऱ्यांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या वजनांची साखळी हलवून पाहिली. आज्ञावली मेरी त्सिंगू यांची. ऊर्जा सगळीकडे वाटली जाईल ही अपेक्षा होती, ती बहुतांशी मूळ जागी परतली. अहवाल १९५५चा, फर्मी आदल्या वर्षीच गेला होता.

बेथेने १९३१च्या निबंधात शब्द दिला होता की पुढच्या निबंधात हीच रीत तीन मितींच्या जाळीला लावू. तो निबंध कधीच आला नाही. युक्ती एका रेषेपुरतीच खरी ठरली. अणूंच्या पाळण्याचा निबंध छापून आला एप्रिल २००६मध्ये. बेथे ६ मार्च २००५ रोजी, वयाच्या ९८व्या वर्षी वारला होता.