मिठातले आयोडीन

हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. डोंगरउतारावरची माती पावसाने धुपते तेव्हा तिच्यातले आयोडीनही वाहून जाते. त्या मातीत पिकलेले धान्य, भाजीपाला आणि तिथल्या गवतावर पोसलेल्या जनावरांचे दूध, सगळ्यांतच ते उणे पडते. मग थायरॉईड ग्रंथी फुगते आणि गळ्याशी गाठ येते. गाठ निदान दिसते तरी. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते ती दिसत नाही, आणि खरे नुकसान तिथेच होते.

१९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात प्रयोग सुरू केला. सुमारे एक लाख वस्तीच्या प्रदेशाचे तीन विभाग पाडले. दोन विभागांना आयोडीन घातलेले मीठ दिले, तिसऱ्याला साधे. आयोडीनचा वाहक म्हणून मीठ निवडण्यामागे सरळ हिशेब होता: ते गरिबाच्या घरीही रोज लागते आणि कोणी ते फार कमी-जास्त खात नाही. पहिल्या दोन विभागांतील शाळकरी मुलांमध्ये गलगंडाचे प्रमाण काही वर्षांतच जवळजवळ निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. तिसऱ्यात ते फारसे हलले नाही. तिथेही आयोडीनयुक्त मीठ सुरू झाल्यावर मात्र ते उतरले.

या पुराव्याच्या बळावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण आयोडीनयुक्त मिठाचे उत्पादन सरकारी क्षेत्रापुरतेच ठेवले गेले. युनिसेफच्या मदतीने सांभर सरोवरासारख्या ठिकाणी यंत्रे बसली, तरी माल गरजेच्या मानाने फारच थोडा निघे, आणि गलगंडाच्या पट्ट्यात शेजारून साधे, स्वस्त मीठ येतच राही. कांगड्याने उपाय सिद्ध करूनही जवळपास वीस वर्षे अशी गेली. मधल्या काळात पाहण्यांतून स्पष्ट झाले, की हा आजार हिमालयापुरता नाही. महाराष्ट्रात सातपुड्याच्या परिसरातही तो आढळला. उत्तर प्रदेशच्या तराईतील नवजात बालकांच्या रक्ततपासणीत तर थायरॉईड संप्रेरकाची कमतरता चिंताजनक प्रमाणात दिसली.

१९८३ मध्ये केंद्राने दोन निर्णय घेतले: देशातील खाण्याचे सगळे मीठ आयोडीनयुक्त करायचे आणि त्याचे उत्पादन खासगी कारखानदारांना खुले करायचे. त्याच वर्षी मिठापूरचे टाटा मीठ पुडीतून बाजारात आले. मिठाच्या धंद्यात मोठ्या कंपन्यांइतकेच लहान उत्पादकही महत्त्वाचे होते, आणि कृती त्यांनाही जमण्याजोगी होती. पट्ट्यावरून सरकणाऱ्या मिठावर पोटॅशियम आयोडेटचे द्रावण फवारायचे, मग ते नीट घोळून गोण्या भरायच्या. आयोडाइडऐवजी आयोडेट घेतले, कारण भारतातल्या दमट हवेत ते जास्त टिकते. मीठ आयुक्तालयाने परवाने आणि तपासणी सांभाळली, रेल्वेने या मिठाच्या वाहतुकीला अग्रक्रम दिला. खेड्यातल्या दुकानात कार्यकर्ती चिमूटभर मिठावर छोट्या बाटलीतल्या चाचणी द्रावणाचा एक थेंब टाकी. मीठ निळेजांभळे झाले, की आयोडीन असल्याची खूण. सरकारी आदेश आणि खासगी गोणी यांच्यामधला दुवा म्हणून या छोट्या बाटलीचे मोल मोठे आहे.

कायदा मात्र हेलकावे खात राहिला. खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावर केंद्राने १९९८ मध्ये देशभर बंदी घातली, २००० मध्ये ती उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू केली. विरोधाला कारणे होती. लहान मिठागरांवर खर्चाचा बोजा पडत होता, आणि मिठाच्या सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्यांना ही सक्ती खुपत होती. या नियमाला न्यायालयात आव्हान दिले गेले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला, पण सरकारला पर्यायी तजवीज करता यावी म्हणून बंदी सहा महिने चालू ठेवली. पुढे अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांतून ती कायम राहिली.

आयोडीनचे प्रमाण ठरवून दिले होते: उत्पादनाच्या वेळी दशलक्ष भागांत ३० भाग, ग्राहकापर्यंत पोचताना किमान १५. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ९३ टक्के घरांत आयोडीनयुक्त मीठ आढळले. पुरेसे आयोडीन असलेले मीठ वापरणारी घरे मात्र २०१८-१९ च्या आयोडीन पाहणीत सुमारे ७६ टक्केच भरली.