आघातजन्य शारीरिक लक्षणे
जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर उद्भवणारी धडधड, धाप, पोटदुखी, अंगदुखी, हातापायांना मुंग्या येणे इत्यादी लक्षणे. तपासण्या निर्दोष आल्या तरी त्रास खरा असतो. धोका टळल्यावरही मेंदूची सावधयंत्रणा चालूच राहते. उदाहरणार्थ, रत्नागिरी जिल्ह्यात २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने याच जिल्ह्यातील चिपळूण बुडाले. अशा आपत्तीतून वाचलेल्यांना पुढे मुसळधार पावसाच्या आवाजानेही धडकी भरू शकते. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असे सांगून रुग्णाला परत पाठवणे अन्यायाचे आहे. आघातकेंद्रित बोधवर्तनोपचारात त्या प्रसंगाची आठवण सुरक्षित वातावरणात, टप्प्याटप्प्याने हाताळतात. भीती ओसरते, तशी अनेकांची शारीरिक लक्षणेही कमी होतात. मदतीसाठी रत्नागिरीत शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘टेलिमानस’ची मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ वर मिळते.