यंत्रांतील गोठा

इ. स. १९९६ च्या ऑगस्ट महिन्याच्या ९ तारखेस जपानांत एक नवा खेळ विक्रीस आला. त्याचें नांव ‘बोकुजो मोनोगातारी’, म्हणजे पशुपालनाच्या मळ्याची कहाणी. पुढल्या वर्षीं तोच अमेरिकेंत ‘हार्वेस्ट मून’ या नांवानें गेला. टेलिव्हिजनला एक यंत्र जोडावयाचें आणि हातांतलीं बटणें दाबून पडद्यावरच्या चित्रांना चालवावयाचें, हा व्हिडिओ-खेळांचा प्रकार आतां घरोघर परिचयाचा आहे. त्या काळच्या बहुतेक अशा खेळांत खेळणाराच्या हातीं तलवार नाहीं तर बंदूक असे. येथें त्याच्या हातीं कुदळ, पाण्याची झारी आणि गाईला खरारा करण्याचा ब्रश देण्यांत आला. आजोबांची पडीक शेती नातवानें पुन्हां उभी करावी, कोंबड्या पाळाव्या, गाई पाळाव्या, त्यांची वाढ करावी, एवढेंच त्या खेळाचें कथानक.

खेळाचा कर्ता यासुहिरो वादा हा क्यूशू बेटावरील मियाझाकी भागांतला. तरुणपणीं तो तोक्योस आला, आणि जो गांव सोडून आला त्याची किंमत त्याला राजधानींत राहून कळूं लागली. मारामारीवांचून खेळ रंगूं शकतो, हें त्याला दाखवावयाचें होतें. काम सरळ झालें नाहीं. निर्मितीची व्यवस्था मध्येंच मोडली आणि शेवटीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांनीं, उरल्यासुरल्या साहित्यावर तें पुरें केलें. त्याच वर्षीं जपानांत ‘पोकेमॉन’ निघाला, ‘तामागोची’ नांवाचें मुठींत मावणारें पाळीव प्राण्याचें खेळणेंहि निघालें. एका देशाच्या मुलांना एकाच वर्षीं तीन प्रकारचीं जनावरें पाळावयास मिळालीं, आणि तिन्हींना खरा दाणा-पाणी कांहीं लागत नव्हता!

आपल्या खेळाचे पूर्वज कोण, हें वादानें पुढें सांगितलें आहे. त्यांतला एक म्हणजे शहर वसविण्याचा अमेरिकन खेळ ‘सिमसिटी’. दुसरा, येथें अधिक महत्त्वाचा, १९९१ चा जपानी खेळ ‘डर्बी स्टॅलियन’. या दुसऱ्या खेळांत शर्यतीच्या घोड्यांची पैदास करावयाची असते. घोडी आपली, पण नर दुसऱ्याचा. त्याचें शुल्क मोजावें लागतें. कोणत्या घोड्याच्या वंशांत किती विजय आहेत, कोणतें रक्त कोणाशीं जुळतें, फार जवळच्या नात्यांत जोडी लावली तर काय धोका, याचा हिशेब करून शिंगरूं जन्मास घालावयाचें, आणि तें शर्यतींत मागें पडलें तर पुन्हां वंशावळी चाळावयाच्या. म्हणजे या खेळाचा सारा भर ‘बाप कोण?’ या प्रश्नावर आहे.

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडांत लेस्टरशायर परगण्यांतील डिशली येथें रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) नांवाचा एक शेतकरी होऊन गेला. त्याच्या आधीं नर आणि माद्या एकाच कुरणांत मोकळ्या सोडीत आणि जें पोर होईल तें पदरांत घेत. बेकवेलनें नर वेगळे काढले, निवडक नर निवडक माद्यांनाच दाखविले, आणि हवा तो गुण पक्का करण्यासाठीं जवळच्या नात्यांतहि जोड्या लावल्या. थोड्या काळांत भरपूर मांस धरणाऱ्या मेंढ्यांची जात त्यानें तयार केली. विशेष जनावरांचे सांगाडे आणि मिठांत मुरविलेले मांसाचे तुकडेहि तो घरीं जपून ठेवी, म्हणजे मागल्या पिढीशीं पुढली ताडून पाहतां येई. त्याची खरी व्यापारी कल्पना मात्र निराळीच होती. तो आपले मेंढे विकीत नसे. एका हंगामापुरते भाड्यानें देई. आरंभीं कांहीं शिलिंगांवर मिळणारें हें भाडें पुढें एका वर्षांत हजारों गिनींवर गेलें. घोड्यांच्या बाबतींत तर इंग्रजांनीं १७९१ सालीं वंशावळींचा ग्रंथच छापावयास काढला. ‘डर्बी स्टॅलियन’ खेळणारा मुलगा नकळत याच परंपरेंत बसलेला असतो.

आतां वादानें काय केलें तें पाहावें. पूर्वजाकडून त्यानें गोठा घेतला, माया लावण्याची कल्पना घेतली, आणि बाप मात्र टाकून दिला. त्याच्या खेळांत वळू नाहीं. कोंबडीचें अंडें उबवणीच्या पेटींत ठेवलें कीं पिलूं निघतें; कोंबडा लागत नाहीं. गाय वाढवावयाची तर जनावरांच्या व्यापाऱ्याकडून एक औषध आणावयाचें. इंग्रजी आवृत्तींत त्याला ‘मिरॅकल पोशन’, म्हणजे चमत्काराचा काढा, असें नांव आहे. तें दिलें कीं गाय गाभण. ती वेगळ्या जागीं उभी राहते, तिची वैरण चुकवून चालत नाहीं, आणि दिवस भरले कीं वासरूं होतें.

हें वाचून शेतीची माहिती असलेला मनुष्य हंसेल. पण त्यानें पुरतें हंसूं नये. गोठ्यांतून वळू खरोखरच गेला आहे, आणि तो व्हिडिओ-खेळानें घालविलेला नाहीं. कृत्रिम रेतनाच्या सहकारी संस्था डेन्मार्कमध्यें १९३६ पासून निघूं लागल्या. १९४९ सालीं इंग्लंडांतील शास्त्रज्ञांना ग्लिसरीनच्या योगानें रेत गोठवून टिकविण्याची युक्ति सांपडली, आणि मग एका वळूची प्रजा त्यानें कधीं न पाहिलेल्या देशांत होऊं लागली. पुण्याजवळ उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं ‘बाएफ’ ही संस्था स्थापिली; तिच्या कार्यकर्त्यांनीं गोठविलेलें रेत शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलें. ज्याच्या दावणीला दोन संकरित गाई आहेत, अशा महाराष्ट्रांतल्या पुष्कळ शेतकऱ्यांनीं त्या गाईंच्या वासरांचा बाप डोळ्यांनीं पाहिलेला नसतो. तेव्हां चमत्काराच्या काढ्याला जितकें खोटें समजावें तितका तो खोटा नाहीं.

खोटें आहे तें दुसरें आहे, आणि तें सहज ध्यानांत येत नाहीं. या खेळांतली गाय न वितां दूध देते. विकत आणली कीं दुसऱ्या दिवसापासून धार काढावी. तिला जितकी माया लावावी तितकें दूध वाढतें. उलट ती गाभण राहिली कीं दूध बंद! निसर्गांत वासरूं हें दुधाचें कारण. खेळांत तें दुधाच्या आड येणारें विघ्न झालें. शिवाय होणारें प्रत्येक वासरूं कालवडच. गोऱ्हा कधीं होतच नाहीं. खऱ्या दुधाच्या धंद्यांतला सर्वांत अवघड प्रश्न हाच असतो, कीं निम्मीं वासरें नर निघतात, त्यांचें करावयाचें काय? बैल लागत होते तोंवर या प्रश्नाला उत्तर होतें. ट्रॅक्टर आल्यावर तें राहिलें नाहीं. वादानें प्रश्नच काढून टाकला, आणि त्याच्या मागून आलेल्या बहुतेकांनीं तसेंच केलें.

स्वीडनमधील ‘माइनक्राफ्ट’ या जगभर पसरलेल्या खेळांत २०११ च्या सुमारास जनावरांची पैदास आली. दोन गाईंना गव्हाच्या पेंढ्या चारल्या कीं त्यांच्या डोक्यावर बदामाचीं लाल चित्रें उठतात आणि वासरूं जन्मतें. तेथें नर-मादी हा भेदच नाहीं, कोणत्याहि दोन चालतात. वीस मिनिटांत वासराची गाय होते. त्या खेळाला निदान एवढें श्रेय द्यावें कीं, तेथें मांस हवें असेल तर जनावर स्वतःच्या हातानें मारावें लागतें.

वादाचा खरा वारस निघाला तो अमेरिकेंत. सिॲटलच्या परिसरांत राहणाऱ्या एरिक बॅरोन नांवाच्या तरुणानें चित्रें, संगीत, लेखन, सारें एकट्यानें करून सुमारें साडेचार वर्षांत ‘स्टार्ड्यू व्हॅली’ हा खेळ सिद्ध केला. तो २०१६ च्या फेब्रुवारींत निघाला आणि २०२४ च्या अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्याच्या गोठ्याचें गणित मोठें सुबक आहे. साध्या गोठ्यांत चार जनावरें, मोठ्यांत आठ, सर्वांत मोठ्यांत बारा. जागा रिकामी असेल तरच वाढ. आणि ती मोठ्या गोठ्यापासून पुढें. कोणत्या जनावराला गाभण राहूं द्यावें आणि कोणत्याला नाहीं, हें मालकाला ठरवितां येतें. मग एखाद्या रात्रीं अकस्मात् वासरूं झाल्याची वर्दी येते आणि त्याचें नांव काय ठेवावें असें विचारलें जातें. उन्हाळ्यांत गवत कापून वैरणीच्या कोठारांत भरावें लागतें, कारण हिंवाळ्यांत कुरण उगवत नाहीं. एका कोठारांत २४० भारे मावतात. बारा गाईंना तें किती दिवस पुरेल, हा भागाकार जो मुलगा शरद ऋतूंतच करतो त्याचा हिंवाळा सुखाचा जातो! रोज प्रत्येक जनावराच्या अंगावरून हात फिरवावा लागतो. नाहीं फिरविला तर तें रुसतें. रात्रीं बाहेर राहिलें तर वन्य पशूच्या तोंडीं जाऊं शकतें.

परंतु उपाशी राहिलें तरी तें मरत नाहीं. म्हातारें होत नाहीं, भाकड होत नाहीं, कापलें जात नाहीं. डुकरेंसुद्धां येथें मांसासाठीं पाळीत नाहींत. तीं जमिनींतून किंमती आळंबें हुंगून काढतात. जनावर नको झालें तर विकतां येतें. बटण दाबलें कीं पैसे जमा होतात आणि चित्र नाहींसें होतें; घेणारा कोण, हें सांगितलेलें नाहीं. झुरिकच्या ‘जायंट्स’ कंपनीचा ‘फार्मिंग सिम्युलेटर’ खऱ्या कारखान्यांच्या ट्रॅक्टरांसाठीं नांवाजलेला आहे. नांगराचा एकेक खिळा तेथें हुबेहूब दिसतो. पण गोठ्यापुरतें पाहावें तर तेथेंहि प्रकृति चांगली ठेवली कीं जनावरें वळूवांचून वाढतात आणि व्यापाऱ्याच्या हवालीं होतात. २०२४ च्या आवृत्तींत म्हशी आल्या, शेळ्या आल्या, लहान पिलेंहि दिसूं लागलीं. कसाईखाना आला नाहीं.

यांत कर्त्यांचा कपटभाव कांहीं नाहीं. दिवसभराच्या कामानें शिणलेला मनुष्य संध्याकाळीं जो गोठा उघडतो, तो त्याला रक्ताचा नको असतो. तरी एक प्रयत्न निराळा झाला, आणि तो वादाच्याच मालिकेंत झाला, म्हणून त्याची नोंद केली पाहिजे. २००३ सालीं निघालेल्या ‘अ वंडरफुल लाइफ’ या भागांत गाय कांहीं काळानें आटते. काढा द्या किंवा वळू पाळा, पण ती पुन्हां व्याल्यावांचून थेंब मिळत नाहीं. व्याल्यानंतरचे पहिले दिवस निघतें तें निराळें दूध, ज्याचा आपल्या घरांत खरवस करतात तो चीक, आणि तें वासरासाठीं ठेवावयाचें असतें. वासरूं कालवड निघेल कीं गोऱ्हा, याचा भरंवसा नाहीं. गोठ्यांतल्या जागा तर मोजक्याच. बाहेर मालकाचेंहि वय वाढत असतें, मूल मोठें होत असतें, आणि शेवटच्या प्रकरणांत तो मरतो.

२०२३ सालीं हाच भाग नव्या चित्रांनिशीं पुन्हां काढण्यांत आला, तेव्हां पुष्कळ गोष्टी सोप्या केल्या गेल्या. पण दुधासाठीं गाईनें व्यावें लागतें हा नियम तसाच ठेवला. त्या गोठ्यांत गोऱ्हा जन्मला म्हणजे खेळणारा त्याला नांव देतो, कांहीं दिवस दूध पाजतो, आणि मग दावणीची मोजदाद करीत बसतो.