उसण, कळ आणि अफूची डबी

आमच्या बाजूला पाठ धरली की माणूस नुसते 'दुखतंय' म्हणत नाही. उसण भरली, चमक निघाली, लचक आली, कळ मारते, ठणका लागला, असे नेमके सांगतो. बिदरच्या किंवा कलबुर्गीच्या दवाखान्यात गेले की डॉक्टर कन्नडातून विचारतात, "एल्ली नोवु?" आणि आपण बोट दाखवून मोकळे होतो. कन्नडात शब्द नाहीत असे नव्हे, मुरगळण्याला 'उळुकु' हा खासा शब्द आहे. पण दुसऱ्या भाषेत बोलताना माणूस मोठा शब्द उचलतो आणि बारीक शब्द घरी ठेवून जातो. मग उसण काय आणि कळ काय, दोन्ही एकाच 'नोवु'त जमा होतात.

माझ्या मामांच्या बाबतीत हेच झाले. भालकी तालुक्यातले शेतकरी. पाठ धरली म्हणून आधी महाराष्ट्राच्या बाजूला एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी उसणीची म्हणून गोळी दिली. आठ दिवसांत उतार पडेना, तेव्हा दुसऱ्या शहरात गेले. तिथे जोरदार दुखणेमार गोळी मिळाली. पहिली चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची असते हे मामांना कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांनीही विचारले नाही. त्या रात्री दोन्ही गोळ्या घेतल्या, वर सवयीप्रमाणे थोडी दारूही. पहाटे मामी हाका मारून दमल्या. श्वास चालू होता, पण मोजता येईल इतका सावकाश. जीपमध्ये घालून नेले, वाचले. त्यानंतर या दोन गोळ्यांचे कूळ शोधण्याचा मला नाद लागला.

दुखणेमार गोळीचे कूळ आपल्या ओळखीचे आहे: अफू. निजामाच्या राज्यात अबकारी खात्याच्या परवान्याने ती विकली जाई. आजी सांगे, शेतावर जायच्या आधी रडक्या पोराला बाया मोहरीएवढी अफू चाटवत. मुंबईच्या गिरणीकामगार बायकांची 'बाळागोळी' तीच. काही पोरे त्या झोपेतून उठलीच नाहीत, हे मात्र आजी हळू आवाजात सांगे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्टुर्नर या जर्मन औषधकाराने अफूतले सत्त्व वेगळे काढले आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवाच्या नावावरून त्याचे मॉर्फिन झाले. कोडीन त्याच घरातले. ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल कारखान्यात घडवलेले असले तरी त्यांचे काम त्याच वाटेने चालते. ही औषधे मेंदूत आणि मज्जारज्जूत दुखण्याचा निरोप मंद करतात. पण श्वास चालवणारे केंद्रही तिथेच, मेंदूच्या बुडाशी, आहे. मात्रा वाढली की तेही मंद होते. शौच तुंबते, आणि फार दिवस घेतले की शरीर त्यावाचून राहीनासे होते, ते वेगळेच.

उसणीच्या गोळीचे कूळ मात्र दूरचे आहे. तिकडे जाण्याआधी आपल्या जुन्या राज्याची एक गोष्ट सांगायला हवी. बिदर आणि गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी क्लोरोफॉर्मने भूल देत. ते धोक्याचे की नाही यावर वाद पेटला, आणि सहाव्या निजामाच्या, मीर महबूब अली खान यांच्या, पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. दुसऱ्यासाठी 'लॅन्सेट'च्या वतीने लॉडर ब्रंटन लंडनहून आले. भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, रूपाबाई फर्दूनजी, याही त्या कामात होत्या. शेकडो जनावरांवर प्रयोग करून निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर; म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवा. पुढे १९११ मध्ये लेव्ही याने दाखवले की क्लोरोफॉर्म हृदयालाही अचानक दगा देते. म्हणजे हैदराबादचा निकाल अर्धाच खरा ठरला. पण श्वासावर नजर ठेवण्याची गोष्ट तेवढी खोटी ठरली नाही.

त्या काळी पोटाची शस्त्रक्रिया करताना पोटाचे स्नायू सैल पडावेत म्हणून भूल खोल द्यावी लागे, आणि खोल भूल म्हणजे मृत्यूशी जवळीक. ही अडचण सोडवली दक्षिण अमेरिकेतल्या क्युरारे या विषाने. तिथले लोक ते बाणांच्या टोकाला लावत. क्लोद बर्नार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेडकावर प्रयोग करून दाखवले की क्युरारे स्नायू मारत नाही, मज्जेकडून स्नायूकडे जाणारा हुकूम अडवते. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियलला हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी एका तरुणाच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत ते वापरले, आणि शस्त्रक्रियेचे शास्त्र बदलले. मला सगळ्यात भिडली ती १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेली नोंद. स्कॉट स्मिथ या डॉक्टराने स्वतःवर क्युरारे टोचून घेतले. बोटही हलवता येत नव्हते, श्वास दुसऱ्यांनी चालवला. पण सगळे ऐकू येत होते आणि दुखतही होते. स्नायू सैल होणे आणि वेदना जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

औषधाच्या दुकानातल्या उसणीच्या गोळ्या क्युरारेच्या नव्हेत. टिझानिडीन, क्लोरझोक्साझोन, मेथोकार्बामॉल या मेंदू-मज्जारज्जूमार्गे आवळलेला स्नायू सैल करतात. म्हणून झोप येते, चक्कर येते. टिझानिडीनने रक्तदाबही उतरतो, आणि म्हातारा माणूस रात्री उठताना पडतो. जुलाब-लघवीच्या तक्रारींवर सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर टिझानिडीन घेऊच नये, कारण ते रक्तात अनेक पटींनी साचते. उलट बॅक्लोफेन फार दिवस चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. दोन्ही कुळे एकत्र आली, त्यात दारू किंवा झोपेची गोळी पडली, की श्वास मंदावतो. अफूच्या कुळावर दवाखान्यात नालोक्सोनचा उतारा असतो. उसणीच्या गोळीवर तो चालत नाही.

हा घोटाळा फक्त खेड्यातल्या शेतकऱ्यांचा आहे असे कोणी समजू नये. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल, म्हणजे दोन्ही कुळे एकाच गोळीत घालून मुंबईची एक कंपनी ती पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. तिथे तरुण पोरे नशेसाठी ती खात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने ते उघड केल्यावर सरकारने या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात यांच्या परवानग्या काढून घेतल्या.

याची दुसरीही बाजू आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचे लचांड इतके वाढले की देशभरच्या रुग्णालयांतून मॉर्फिन जवळजवळ नाहीसे झाले. निमच आणि गाझीपूरला सरकारी अफूचे कारखाने, आणि कॅन्सरचा रुग्ण मात्र घरात तळमळतो, असे चित्र झाले. २०१४ मध्ये कायदा सुधारला, मान्यताप्राप्त संस्थांना एका परवान्यावर मॉर्फिन ठेवता येऊ लागले. ट्रामाडॉल २०१८ मध्ये त्याच कायद्याखाली आले. पण घरातले कित्येक लोक अजून म्हणतात, "अफूचंय ते, नको." शेवटच्या आजारातल्या माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन आणि पाठदुखीवर शेजाऱ्याने दिलेली उरलेली गोळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मामा आता सगळ्या चिठ्ठ्या एका कापडी पिशवीत ठेवतात, मराठी, कन्नड, इंग्रजी, सगळ्या. मध्यंतरी पाठ पुन्हा धरली. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे "एल्ली नोवु?" विचारले. मामांनी कंबरेवर हात ठेवून 'उळुकु' असे म्हटले, आणि पिशवी टेबलावर उपडी केली.