ओढा जेवतो

मंडळी, मी तत्त्वज्ञानाचा माणूस. ओढ्याशी माझा संबंध काय? संबंध आहे एका गृहीतकाशी. डोंगरातला ओढा म्हणजे वरचं पाणी खाली नेणारा नुसता नळ, असं जाणकारही फार काळ धरून चालले होते.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रुक जंगलात बेअर ब्रुक नावाचा लहानसा ओढा आहे. स्टुअर्ट फिशर आणि जीन लायकन्स यांनी त्याचा वर्षाचा जमाखर्च मांडला. १९७३ साली तो प्रसिद्ध झाला. जमेची ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा बाहेरून, मुख्यतः भोवतालच्या जंगलातून आलेली! त्यातली सुमारे ३४ टक्के ओढ्यातच संपलेली. बुरशी, जिवाणू, किडे पाला खातात, श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नळ पाणी नेतो हो, पण जेवत नाही!

मग नायट्रोजनची पाळी आली. अमेरिकेतल्या ७२ ओढ्यांत खूण केलेलं नायट्रेट सोडून त्याचा माग काढला. जिवाणू त्याचा वायू करतात, तो बहुतांशी निरुपद्रवी नायट्रोजन. नायट्रस ऑक्साइड १ टक्क्याहूनही कमी. किरकोळ वाटतं ना? पण उष्णता धरण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट. जगातल्या ओढ्या-नद्यांतून निघणारा नायट्रस ऑक्साइड मानवनिर्मित उत्सर्जनाच्या १० टक्क्यांएवढा, असा अंदाज याच गटाने २०११ साली मांडला.

आणि शेतातलं खत ओढ्यात उतरलं की? ओढा पचवतो जास्त, पण आलेल्यापैकी वाटा कमी. उरलेलं खाली वाहतं. भरल्या पोटी आपण तरी किती जेवणार?