ज्युनिअर रेसिंग सायकलचं ‘गिअर लिमिट’ : ७.९३ मीटरचं गणित

‘दादा, गिअर लिमिट म्हणजे रेसमध्ये किती गिअर चालतात?’ पालघरच्या माझ्या मावसभावाचा प्रश्न. गिअर कितीही असू देत, मोजतात ते अंतर. सगळ्यात जड गिअरवर पेडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल किती पुढे जाते? याला रोलआउट म्हणतात. तिथे नापास झालात तर जिंकलेली रेसही हातची जाते.

यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेची रोड रेसमधली ज्युनिअर मर्यादा ७.९३ मीटर होती. २०२३ पासून ती काढली. पण काही देशांत लहान वयोगटांना मर्यादा आहेच. त्यामुळे तुमच्या रेसच्या माहितीपत्रकात मीटरचा आकडा आधी शोधा.

आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या छोट्या चक्राचे दात, गुणिले चाकाचा घेर. ७००×२५ टायरचा घेर साधारण २.१०५ मीटर. ५२ भागिले १४ केलं की ७.८२ मीटर, म्हणजे पास. ५३×१४ ला ७.९७, नापास.

खरी गंमत टायरमध्ये आहे. बोईसर-तारापूरच्या खडबडीत रस्त्यांसाठी तुम्ही २८ चा टायर टाकलात, तर घेर होतो साधारण २.१३६ मीटर. तेच ५२×१४ आता ७.९३४ वर जातं. गिअरला हातही न लावता सायकल नापास!

घेराचे हे आकडे छापील तक्त्यातले. हवेच्या दाबाने ते थोडे बदलतात, म्हणून प्रत्यक्ष मोजाच. रेसला भरता तेवढीच हवा भरा, सपाट फरशीवर खडूच्या दोन रेघा मारा, मध्ये बरोबर मर्यादेएवढं अंतर. चेन सगळ्यात जड गिअरवर, क्रँक उभा. पहिल्या रेघेवरून सायकल मागे ढकला. क्रँकचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत चाक दुसऱ्या रेघेपलीकडे जायला नको. मोबाइल जमिनीलगत ठेवून व्हिडिओ काढा, एकट्याला दोन्हीकडे बघणं जमत नाही.

अंतर जास्त निघालं तर? मागच्या डिरेलरचा ‘एच’ स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की चेन छोट्या चक्रांवर उतरत नाही. मात्र अशी अडवलेली चक्रं सगळीकडे मान्य नसतात, आयोजकांना आधी विचारा. माझं मत विचाराल तर १४ दातांपासून सुरू होणारी कॅसेट घ्या. शिमानो अल्टेग्रा आर८००० मध्ये ११ स्पीडची १४-२८ येते. दुकानात सहज मिळेलच असं नाही, मागवावी लागेल. त्यामुळे रेसच्या आदल्या आठवड्यात जागे होऊ नका.